मागच्या चाकांची साखळी

आमचा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. जानेवारी 2025 मध्ये त्याने फोनवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या रंगाची, दोन चाकांची, खोलीएवढी एक पेटी. आत झोपायला दोन पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, एवढीशी मोरीसुद्धा. गाडीच्या मागे जोडायची आणि डोंगरात नाहीतर तळ्याकाठी नेऊन उभी करायची. तिकडे याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणतात. अम्मीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "या अल्ला, आपल्या खोलीपेक्षा ही मोठी!" आम्ही सगळे हसलो. पवईच्या टेकडीवरच्या आमच्या पहिल्या खोलीत आम्ही पाच माणसं राहिलो होतो, त्या मानाने तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "इसके ब्रेक किधर हैं? पिछू के चक्कों को है के नहीं?"

हा प्रश्न त्यांनीच विचारायचा होता. पवईत राहणाऱ्याला ट्रेलर नवा नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर लांबच लांब ट्रेलर आम्ही लहानपणापासून पाहत आलो. पण आमच्या घरात ट्रेलर ही नुसती पाहायची गोष्ट नव्हती. न्हावा-शेवाचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि कराडकडून आलेल्या आमच्या अब्बांना तिथल्या कंटेनरच्या फेऱ्या मिळाल्या. बंदरातून माल घ्यायचा, घाट चढून पुण्याकडे पोचवायचा, रिकामा ट्रेलर घेऊन परत यायचं. पुढची ओढणारी गाडी म्हणजे घोडा आणि मागे चाळीस फुटांचा ट्रेलर. सात वर्षं त्यांनी हे काम केलं, मग सोडलं. कमरेच्या दुखण्यामुळे सोडलं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पुढे त्यांनी पाण्याचा टँकर चालवला, मग शाळेची बस.

धाकट्याचा बेत असा होता : फेब्रुवारीतला तिसरा सोमवार तिकडे सुट्टीचा. शनिवारी सकाळी बायको आणि लहानगीला घेऊन निघायचं, ट्रेलर मागे जोडायचा आणि ताहो नावाच्या मोठ्या तळ्याकडे बर्फ पाहायला जायचं. वाट डोनर खिंडीची. हमरस्ता तिथे सात हजार फुटांहून उंच चढतो. आपला बोरघाट दोन हजारांच्या आसपास. 1846 च्या हिवाळ्यात बैल जोडलेल्या गाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या ऐंशीएक माणसांचा तांडा याच डोंगरात बर्फात अडकला. त्यातली जवळजवळ निम्मी माणसं वाचली नाहीत. खिंडीला त्यांच्यातल्याच एका कुटुंबाचं नाव आहे. आता तिथे रुंद रस्ता आहे, बर्फ ढकलणारी यंत्रं आहेत. पण बर्फ तोच आहे.

शब-ए-बरातच्या रात्री, म्हणजे 13 फेब्रुवारीला, धाकट्याचा फोन आला. आमच्याकडे रात्रीचे दहा, त्याच्याकडे सकाळचे साडेआठ. अम्मीने हलवा दाखवला, लहानगीने सलाम केला. मग तो उत्साहाने म्हणाला, "अब्बा, साखळ्या पण घेतल्या. डोंगरात तुफान येणार आहे म्हणतात. पण गाडीच्या दोन चाकांना साखळ्या असल्या की काम झालं."

ही साखळी काय असते ते आम्ही वर्गात घर्षण शिकवताना मुलांना सांगत आलो आहोत. उर्दूत घर्षणाला 'रगड' म्हणतात, आणि शब्दातच सगळं आलं. डांबर आणि रबर यांची रगड चांगली असते. मध्ये बर्फ आला की ती जवळजवळ संपते. चाक फिरतं पण गाडी जागची हलत नाही, किंवा चाक थांबतं पण गाडी थांबत नाही. म्हणून टायरवर शिडीसारखी साखळी चढवतात. दोन बाजूंना दोन लांब साखळ्या, मध्ये आडव्या पायऱ्या. त्या पायऱ्या बर्फात रुततात आणि पकड देतात. अमेरिकेतल्या हॅरी वीड नावाच्या गृहस्थाने 1904 साली तिचं पेटंट घेतलं. चिखलात लोक चाकांना दोर गुंडाळतात हे पाहून त्याला ती सुचली असं सांगतात. वर्गात हे सांगताना आम्हाला अब्बांची आठवण येते, कारण पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी रुतली की तेही चाकाला काथ्याचा दोर गुंडाळून गाडी बाहेर काढत.

साखळी चढवायची तर ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांना चढवायची. पुढची चाकं ओढत असतील तर पुढे, मागची ढकलत असतील तर मागे. चढ लागण्याआधी, सपाट आणि सुरक्षित जागी थांबून बांधायची. थोडं अंतर जाऊन पुन्हा उतरून ताण पाहायचा, कारण पहिल्या फेऱ्यांत ती ढिली पडतेच. मग ताशी पन्नास किलोमीटरच्या आतच राहायचं. बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की काढून टाकायची. नाहीतर टायरही खराब होतो, रस्ताही. हे सगळं धाकट्याने वाचलेलं होतं.

अब्बांनी पुन्हा तेच विचारलं, "और पिछू के चक्के?"

"अब्बा, मागच्या चाकांना इंजिन कुठे आहे? ती नुसती फिरतात."

"फिरतात, पर रुकतात भी ना? ब्रेक है के नहीं उनकू?"

ब्रेक होते. विजेवर चालणारे, गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलरचेही लागतात. अब्बा म्हणाले, मग त्यांना साखळी हवीच. धाकटा थोडा वैतागला. फोन चालू ठेवूनच त्याने कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचे नियम उघडले. त्या नियमांच्या तीन पायऱ्या आहेत : आर-1, आर-2 आणि आर-3. पहिल्या पायरीला बर्फाचे टायर असलेल्या हलक्या गाड्यांना साखळ्या न चढवताही जाऊ देतात, मात्र त्या जवळ असाव्या लागतात. दुसरीला चारही चाकांना ताकद आणि चारही चाकांना बर्फाचे टायर असतील तरच सूट. तिसरीला कुणालाच सूट नाही. बहुधा ती वेळ येण्याआधी रस्ताच बंद करतात. आणि ट्रेलर ओढणाऱ्यांसाठी अगदी पहिल्या पायरीलाच वेगळा नियम होता : ओढणाऱ्या गाडीच्या ताकदीच्या एका आसाला साखळ्या हव्यातच, आणि ट्रेलरला ब्रेक असतील, तर ट्रेलरच्याही निदान एका आसाला हव्यात.

धाकटा गप्प झाला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने जे विचारलं होतं, तेच तिथे छापलेलं होतं. तरी तो म्हणाला, "ठीक आहे अब्बा. पण तुफान शनिवारपर्यंत ओसरेल. आणि मी हळू चालवीन."

अब्बांनी फोन आमच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"मैं भी हल्लूच चला रहा था," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही त्या रात्रीपर्यंत ऐकलेलं नव्हतं. जुलै 1996. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता, सगळी वाहतूक जुन्या घाटातून. पुण्याकडे माल उतरवून अब्बा रिकामा ट्रेलर घेऊन परत येत होते. लोकांना वाटतं रिकामी गाडी म्हणजे सोपी गाडी. "भरेली गाडीसे खाली गाडी ज्यादा धोका देती," अब्बा म्हणाले. ओझं नसलं की चाकं रस्त्याला घट्ट टेकत नाहीत, ओल्यात लगेच घसरतात. त्यात त्या ट्रेलरच्या ब्रेकचे लायनर झिजलेले होते. अब्बांनी निघण्याआधी मालकाला सांगितलं होतं. मालक म्हणाला, एवढी फेरी मारून ये, मग काम करू. अब्बांना ठाऊक होतं की नाही म्हणायला हवं. घरी आम्ही तिघं भावंडं, पैकी एकाच्या शाळेची फी थकलेली. ते निघाले.

घाटात पाऊस होता. जो गिअर चढायला, तोच उतरायला, हा नियम पाळून ते उतरत होते. एका वळणावर पुढे बस थांबलेली दिसली. अब्बांनी ब्रेक दाबला. घोडा थांबू लागला, ट्रेलर थांबला नाही. मागच्या चाकांत ब्रेकच नाही आणि खाली पाणी. ट्रेलर घोड्याला ढकलत राहिला. ढकलता ढकलता घोडा आडवा झाला आणि मिटणाऱ्या चाकूसारखी दोन्ही धुडं एकमेकांवर आली. क्लीनरच्या बाजूचा दरवाजा दरडीवर आदळला. अब्बांच्या कपाळाला खोक पडली. क्लीनर आमच्याच वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा होता. तो दवाखान्यात पोचेपर्यंत गेला.

"पुढची गाडी किती पण चांगली असू दे," अब्बा म्हणाले, "पिछूवालीने पकड छोडी तो वो तुमकू लेकेच जाती."

फोनवर कुणी काही बोललं नाही. अम्मी पदर डोळ्याला लावून बसली होती. तिला हे सगळं ठाऊक होतं. आम्हाला तेव्हा एक गोष्ट उमगली. दर शब-ए-बरातला अब्बा कब्रस्तानात जातात. दादा-दादींच्या कबरी तर कराडला. तरी अब्बा इथल्या एका कोपऱ्यातल्या कबरीवर पाणी शिंपडतात, फूल ठेवतात, फातेहा पढतात. लहानपणी आम्ही विचारलं होतं, कोण हे? ते म्हणाले होते, आपल्यातलेच. आम्ही कुणी लांबचा नातेवाईक समजत होतो. त्या रात्रीही ते इशाच्या नमाजनंतर तिथे जाऊन आले होते.

धाकटा हळूच म्हणाला, "अब्बा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"सांगायला काय होतं त्यात? मला ठाऊक होतं आणि मी गेलो. एवढंच."

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आता तिथेच शिकवतो. धाकटा त्याच शाळेतून निघून इंजिनीअर झाला. घरात शिक्षण आलं तसं अब्बांचं बोलणं आम्ही कमी ऐकू लागलो, हे कबूल करायला हवं. ते टायरची हवा, उताराचा गिअर, दोराची गाठ असलं काही सांगू लागले की आम्ही "हो अब्बा" म्हणून वही तपासत राहायचो. त्यांनीही मग सांगणं सोडलं. रगड कशी मोजायची ते आम्ही पुस्तकातून शिकलो. ती सुटली की काय होतं हे ज्याला ठाऊक होतं, तो माणूस आमच्याच घरात एकोणतीस वर्षं गप्प बसला होता.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सुट्टी काढली. ट्रेलरच्या टायरचं माप गाडीच्या टायरपेक्षा वेगळं; त्या मापाच्या साखळ्या तीन दुकानांत मिळाल्या नाहीत. मग त्याने ट्रेलर घराशेजारीच उभा ठेवला आणि चाकांखाली लाकडी ओंडके लावले. गाडीच्या साखळ्या मात्र त्याने अंगणात कोरड्या जमिनीवर बांधून पाहिल्या. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्या खेपेला पंधरा. बर्फात, गार पडलेल्या बोटांनी पहिल्यांदाच बांधायला घेतल्या असत्या तर काय झालं असतं, असं तो स्वतःच म्हणाला.

शनिवारी ते ट्रेलरशिवाय गेले. खिंडीच्या अलीकडे तपासणी होती. ज्यांना साखळी बांधता येत नाही त्यांना ती पैसे घेऊन बांधून देणारी माणसं, अंगावर नंबराचा बिल्ला लावून, रस्त्याच्या कडेला उभी होती. धाकट्याने स्वतः बांधली. बांधलेल्या चाकाचा फोटो काढून त्याने आम्हाला पाठवला, खाली लिहिलं होतं : अब्बांना दाखवा.

आमच्याकडे पहाट व्हायची होती. अब्बा फजरच्या नमाजला उठले तेव्हा आम्ही फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा शोधला, फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"बोल उसकू," ते म्हणाले, "अंदरकी कडी ढिल्ली है. उतरके फिरसे कस बोल."

आम्ही लगेच फोन लावला.