माणदेशी मातीची पटकथा

माणदेशाचा माळ घाईत असलेल्या माणसाला काही देत नाही. पाऊस बेताचा, माणगंगा बहुतेक वर्षभर कोरडी, बांधावर बोरी-बाभळी आणि लांब कुठेतरी धनगराची मेंढरं. पण निवांत टेकलं, की इथली माणसं बोलती होतात. अशा मुलखातले गजानन दिगंबर माडगूळकर. जन्म 1 ऑक्टोबर 1919 चा, शेटफळ्याचा, गाव माडगूळे. गीतरामायणासाठी घरोघर त्यांना हात जोडले जातात. माझा जीव मात्र पटकथाकार गदिमांवर जडला आहे. पडद्यावर नट दिसतो, गाण्याला गळा मिळतो. लिहिणारा अंधारातच राहतो. दीडशेच्या वर मराठी चित्रपटांसाठी या माणसाने कुठे कथा-पटकथा, कुठे संवाद, कुठे गाणी लिहिली.

त्यांच्या लेखणीचं मूळ मला औंध संस्थानात दिसतं. आज औंध साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. तेव्हा ही तिन्ही गावं एकाच राजाची. विजापूरकडचं गुणदाळही त्यातच, म्हणून या चिमुकल्या संस्थानात मराठीबरोबर कानडीही नांदत होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांचं चित्ररामायण 1916 साली निघालं. गदिमांचं शिक्षण याच गावांतून झालं. मॅट्रिकला गणिताने अडवलं आणि पोरगा पोटासाठी कोल्हापूरच्या सिनेमात शिरला. 1938 च्या ‘ब्रह्मचारी’त लहानसं काम मिळालं. पुढे वि. स. खांडेकरांचे ते लेखनिक झाले. दुसऱ्याचं वाक्य कानाने झेलून कागदावर उतरवायचं. वाक्य कुठे थांबतं, कुठे वळतं, हे अशाने हाडीमाशी मुरतं. 1947 चा ‘रामजोशी’ आला तेव्हा शाहिराचं बोलणं आणि गाणं त्यांच्या लेखणीत पुरतं पिकलं होतं.

औंधने त्यांच्या पदरात आणखी एक मोठी गोष्ट टाकली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गांधीभक्ताच्या कल्पनेतून संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथे भिंतीविना राहू लागले, माळ फोडून शेती करू लागले. त्या प्रयोगातून गदिमांनी कथा घडवली आणि व्ही. शांतारामांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, 1958 साली बर्लिनचं रौप्य अस्वलही मिळालं. आटपाडीच्या माळावरची गोष्ट जगाला कळली.

त्यातला बाजाराचा प्रसंग पाहा. सहा कैदी स्वतः पिकवलेली भाजी घेऊन बाजारात बसतात आणि रास्त भावात विकतात. व्यापाऱ्यांचा धंदा बसतो, ते चिडून त्यांच्यावर तुटून पडतात. ज्यांच्या हातांनी खून पडले, ते सहाही जण मार खातात. हात उचलत नाहीत, कारण जेलरला शब्द दिलेला असतो. इथे लेखकाने भाषण लिहिलेलं नाही. पूर्ण ताकद असलेले ते बारा हात नुसते आवरून धरले आहेत, आणि माणूस बदलला हे आपल्याला तेवढ्यावर पटतं. खेड्यात दिलेल्या शब्दाची किंमत लहानपणापासून पाहिलेल्यालाच हे सुचावं.

मोठे झाल्यावरही ते लिहायला माडगूळ्याच्या रानात येत. तिथली पत्र्याची इमारत ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ओळखली जाते. धाकटे बंधू व्यंकटेश यांचंही लेखन त्याच मातीतलं; त्यांच्या ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी चित्रपट केला.

14 डिसेंबर 1977 रोजी गदिमा गेले. आज सातारा-सांगलीतली कितीतरी पोरं मोबाइलवर लघुपट करतात, पटकथा लिहितात आणि गोष्ट शोधायला मुंबईकडे पाहतात. त्यांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं: कॅमेरा कुठूनही आणा, पण आधी आपल्या गावच्या पारावर बसा. तालुक्याच्या इतिहासात डोकावा, म्हाताऱ्यांना बोलू द्या. जगाला पुरेल एवढी गोष्ट आटपाडीत होती, तशी ती तुमच्याही गावात असेल.