माथेरानच्या गाडीतून घाटंजीला

नेरळ, शनिवार सकाळ

तीर्थरूप बाबांस,


विदर्भ एक्सप्रेस रात्री मूर्तिजापूरला थांबली तेव्हा खिडकीतून आपल्या यवतमाळच्या शकुंतला गाडीचा फलाट शोधला. अंधारात काही दिसलं नाही. कल्याणला उतरून कर्जत लोकलनं इथं पोचले. आईला सांगा, चिवडा कल्याणच्या आधीच संपला.

इथले रूळ शकुंतलेपेक्षाही अरुंद. ती अडीच फुटांची, ही दोन फुटांची. सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले, मुलगा अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं आणि १९०४ ते १९०७ मध्ये रूळ माथेरानला भिडले. किलिक निक्सन कंपनीनं आपल्याकडे गाडी आणली ती कापूस न्यायला. ही मात्र हवा खायला जाणाऱ्यांची, पहिल्या दिवसापासून.

वाफेचं इंजिन आता शोभेला ठेवलंय. त्याच्यासमोर फोटो काढायला रांग असते. आम्हाला ओढायला डिझेल.

माथेरान, रात्री

बाबा, एकवीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लागले आणि एकालाही घाई नव्हती. चढ असा की काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट वर. दाते घातलेला मधला रूळ नाही, डोंगराला वळसे घालतच गाडी चढते. नेरळ एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे, दर वेळी अजून खाली. जुम्मापट्टीला माकडं खिडकीशी आली. बोगदा एकच, त्याचं इंग्रजी नाव वडिलांच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे जुन्या इंजिनांची चाकं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बांधलेली. सहा चाकं, पण पुढचा-मागचा आस पोकळ, त्यामुळे ती चाकं वळणावर जराशी तिरपी होत आणि रूळ सोडत नसत. डब्यांच्या मध्ये ब्रेकवाले बसत. इंजिनाची शिटी ऐकून हातानं ब्रेक आवळत, सोडत. 

पण वर आल्यावर मन खट्टू झालं. जुलै २००५ च्या पावसानं हा मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये पुन्हा उभा केला. २०१९ ला पुन्हा खचला, ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत सुरू. करायलाच हवं होतं, मी नाही म्हणत नाही. शकुंतलेला मात्र असं कोणी उचललं नाही. मँचेस्टरचं १९२१ सालचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिलं, मग डिझेल आलं, मग गाडीच थांबली. दारव्ह्याच्या, कारंज्याच्या बाजाराला जाणारी माणसं तिच्यात बसत. सहलीचा पैसा त्यांच्याकडे नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा. गाडी जुनी म्हणून जपायची तर दोघींना एकच माप हवं.

वर्ध्याहून नवी ब्रॉडगेज कळंबपर्यंत आलीय. उद्या ती यवतमाळला पोचली तरी घाटंजीच्या माणसाला आधी एसटीच धरावी लागेल.

तुमची लेक