केळापूर ते केडगाव

तालुका केळापूरचा आणि कचेरी मात्र पांढरकवड्याला, असा यवतमाळ जिल्ह्यातला हा एक गमतीचा संसार आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पांढरकवडा लागते आणि जवळच केळापूर. तिथली जगदंबा म्हणजे साऱ्या पंचक्रोशीची आई. नवरात्रात देवळाच्या वाटेवर माणसांची नुसती रीघ लागते. कुणी नवस बोलायला येते, कुणी फेडायला. मागणे तरी काय असते? पाऊस वेळेवर पडू दे, बोंडे भरू देत, घरचा माणूस सुखरूप राहू दे. काळ्या जमिनीत कपाशी पेरणाऱ्याला याहून अधिक काय हवे!

पण प्रत्येक मागणे पुरे होतेच असे नाही. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी साऱ्या देशाचे काळीज हलले; २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली. मदत येते, कर्जही माफ होते. पण ज्या घरात खुंटीवरचा सदरा तसाच लटकत राहिला, तिथल्या बाईने सांजवेळी देवापुढे दिवा लावताना काय म्हणावे?

हा प्रश्न जसा देवळाचा, तसाच चर्चचाही आहे. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत ख्रिस्ती धर्मशिक्षणाची 'युनियन बिब्लिकल सेमिनरी' होती. पुढे ती पुण्यास गेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी दुःख आणि श्रद्धा यांवर पुष्कळ ग्रंथ चाळले असतील. पण ज्या बाईंनी या प्रश्नाचे उत्तर आयुष्य खर्चून दिले, त्या पंडिता रमाबाईंना भेटायचे तर वर्ध्याला आगगाडीत बसावे आणि भुसावळ, मनमाड, नगर करीत दौंड गाठावे. तिथून पुण्याच्या बाजूला थोडे गेले की केडगाव.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे त्यांचे कुटुंब १८७४ च्या सुमारास दुष्काळात सापडले आणि आई, वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेली. राहिला भाऊ, तो १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी लग्न झाले, तर १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. वय अवघे तेवीस!

या आघातांच्या वेळी रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. उपासतापास, नवससायास करूनही आईबाप अन्नावाचून गेले, तेव्हा त्यांची जुनी श्रद्धा ढासळली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाला खरी शांती लाभायला आणखी सात-आठ वर्षे जावी लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. धर्म बदलला आणि डोळे पुसले गेले, इतके हे सोपे नव्हते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्यप्रांतात माणसे अन्नान्न करीत होती. आपण कधी काळी ज्या भुकेतून निभावलो, तीच भूक रमाबाईंना तिथल्या मुलींच्या तोंडावर दिसली. त्यांनी त्या मुली केडगावला आणल्या. शतक संपता संपता 'मुक्ती'त दीड हजारांवर जीव जेवू लागले. शेती, विणकाम, छापखाना, सारे काम बायकाच करीत.

आणि खरी परीक्षा पुढेच होती. जिच्या हाती हा संसार सोपवायचा, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये वारली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू, शरीराने थकलेल्या. देवाला जाब विचारण्याचा अधिकार कुणाला असेल तर त्यांनाच होता. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचे काम त्यांनी हाती घेतलेले होते. त्या पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या. तेवढे काम पुरे होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या; बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.

मनोरमेच्या जाण्याचे कारण रमाबाईंना समजले होते काय? तसे मुळीच वाटत नाही. पण कारण समजल्यावाचूनही उद्याचे काम आज लावून ठेवता येते, आणि त्यांच्या लेखी आशा म्हणजे हेच असावे. केडगावात त्यांची समाधी आहे आणि मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे. निराधार बाया, अंध मुली, पोरकी लेकरे यांना तिथे घर मिळते. वाचकहो, कपाशीच्या मुलखातल्या त्या सांजवातीपुढच्या बाईला आपण तत्त्वज्ञान सांगू नये. तिच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी. रमाबाईंनी बहुधा आधी तेच केले असते.