खिलार हरणी आणि एका कृषिशिक्षिकेची घडण

माणदेश हा सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरचा, माण नदीच्या खोऱ्यातील पर्जन्यछायेचा प्रदेश असून सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचे उरलेसुरले ढगच तिथवर पोचत असल्यामुळे तेथील शेती ज्वारी-बाजरीवर आणि शेतकऱ्याची पत गोठ्यातील खिलार जनावरांवर उभी राहिली. खिलार ही ओढकामाची जात आहे. तिचे बैल चपळ आणि काटक, तर गाई दुधाला बेताच्याच, त्यामुळे गाईचे मोल तिच्या पोटी येणाऱ्या खोंडावरून ठरते. जुन्या औंध संस्थानातील आटपाडी महालाच्या नावाने या जातीचा एक प्रकार आजही ओळखला जातो. याच भागातील एका कोरडवाहू कुटुंबात १९९९ साली जन्मलेली हरणी ही गाय आणि तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली, पुढे कृषी तंत्र विद्यालयात शिकवू लागलेली त्या घरची मुलगी, या दोघींची वाढ एकाच अंगणात झाली.

हरणीचा स्वभाव जातीला धरूनच तापट होता. घरच्या बाईमाणसाखेरीज कोणी कासेखाली बसले, तर ती पान्हा चोरीत असे. पान्हा सुटणे म्हणजे वासराच्या ढुशीने किंवा ओळखीच्या हाताने मेंदूला सूचना मिळून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरणे व त्याच्या प्रभावाने कासेतील दूध सडांकडे लोटले जाणे. जनावर बिचकले की याच्या उलट परिणाम करणारे ॲड्रेनालिन स्रवते आणि भरलेली कासही रिकामी असल्यासारखी वागते. ही दोन्ही नावे मुलीला महाविद्यालयात कळली. धारेच्या वेळी गोठ्यात आरडाओरडा चालत नाही आणि अनोळखी पाहुण्याला दारातच थोपवायचे असते, हे मात्र तिच्या अंगवळणी लहानपणीच पडले होते.

२००३च्या दुष्काळात हरणी पहिल्यांदा व्याली, आणि या प्रसंगाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. वार, म्हणजे गर्भाचे पोषण करणारे आवरण, पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, पाजला तर वार आतच राहते, अशी समजूत त्या घरात होती आणि ती अनेक गावांत अजूनही आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिने, गर्भाशयातून वासरापर्यंत जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती आतड्यातून जशीच्या तशी शोषून घेण्याची वासराची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाऊन साधारण दिवसभरात संपते. शिवाय वासरू लुचू लागले की जे संप्रेरक पान्हा सोडवते तेच गर्भाशयाचे आकुंचन घडवून वार पडायला मदत करते, म्हणजे ज्या कारणासाठी वासराला रोखले जाई त्याच कारणासाठी त्याला सोडायला हवे होते. हरणीची वार उशिरा पडली, कालवडीला चीक उशिरा मिळाला आणि हगवणीने ती पंधरवड्याच्या आत गेली. घरात कोणीही निष्काळजी नव्हते. उलट सर्वांनी रात्र जागून जे योग्य वाटले ते निष्ठेने केले होते. ज्याने ही निष्ठा जवळून पाहिली नाही, तो शेतकऱ्याच्या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो, आणि त्याचे व्याख्यान कितीही अचूक असले तरी गोठ्यापर्यंत पोचत नाही.

परंतु घरातील सगळ्याच रूढी अशा नव्हत्या. पाऊस ओढ देऊन ज्वारी गुडघ्याएवढीच खुरटली, किंवा कापणीनंतर बुडख्यांना हिरवे फुटवे आले, की हरणीला त्या रानाकडे फिरकू द्यायचे नाही, ही ताकीद मुलीला वडिलांकडून मिळाली होती. कारण विचारले तर ‘किराळ लागते’ एवढेच उत्तर येई. किराळ लागणे म्हणजे ज्वारीची विषबाधा होणे. कोवळ्या, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत असे द्रव्य असते की चघळताना आणि पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. ते पेशींना रक्तातील प्राणवायू वापरूच देत नाही, म्हणून रक्त लालभडक असूनही जनावर धापा टाकत कोसळते आणि सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत मिळाले नाही, तर थोड्याच वेळात मरते. येथे रूढी बरोबर होती, फक्त तिचे कारण हरवले होते. चिकाच्या बाबतीत कारण दिले जाई, पण ते खोटे होते. या दोहोंतला फरक करता येणे हीच कृषिशिक्षकाची खरी पात्रता मानली पाहिजे, आणि दोन्ही नमुने एकाच गोठ्यात सापडणे हे त्या मुलीचे भाग्य म्हणावे लागेल.

पुढे हरणीला तीन खोंड झाले. ते दोनदाती होण्याच्या आतच विकले गेले आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च बराचसा त्यांनीच उचलला. २०१२-१३च्या दुष्काळात हरणी चारा छावणीत होती, तर मुलगी कृषी पदवीच्या पहिल्या वर्षात. गाईच्या शिंगावर प्रत्येक वेताला एक वलय उमटते आणि वलयांच्या संख्येत दोन मिळवले की वय निघते, हा पाठ्यपुस्तकी आडाखा तिने सुटीत हरणीवर तपासला, तेव्हा उत्तर खऱ्या वयाशी जुळेना. हरणी पहिल्यांदा चौथ्या वर्षी व्याली होती, दोन वेतांतील अंतर उपासमारीने लांबले होते, आणि तीव्र कुपोषणाच्या काळातही शिंगाची वाढ खुंटून खाच पडू शकते. आडाखा मात्र नियमित विणाऱ्या, पोटभर खाणाऱ्या गाईसाठी होता. (बाजारात तर व्यापारी शिंगे साळून ही वलयेच पुसून टाकतात, तो भाग वेगळा.)

हरणी २०१६ साली म्हातारपणाने गेली आणि तिला बांधालगत पुरण्यात आले. कृषिशिक्षक नेमताना पदवी, गुण आणि अनुभवाचा दाखला पाहिला जातो, ते आवश्यकही आहे. मात्र उमेदवाराने एखादे तरी जनावर जन्मापासून मरणापर्यंत सांभाळले आहे काय, हा प्रश्न मुलाखतीत आवर्जून विचारला जावा.