राखीव फळी

सणावाराला घरात नक्की किती माणसे जेवतील, हे आजवर कोणत्याही गृहिणीला आधी सांगता आलेले नाही. आणि तरीही पोळ्या कमी पडल्या असे सहसा घडत नाही. याचे रहस्य पोळ्यांच्या डब्यात नसते. ते परातीतल्या ओल्या फडक्याखाली असते. तिथे मळलेल्या कणकेचा एक गोळा निवांत पडून असतो. अवचित पाहुणा दारात उभा राहिला, तर गहू दळण्यापासून आरंभ करावा लागत नाही. आणि तो आलाच नाही, तर वीस पोळ्या वाळून वायाही जात नाहीत. गहू आणि पोळी यांच्या मधली ही जी अवस्था आहे, तिला आपण काही मानाचे नाव दिलेले नाही. संगणकाच्या जगाने मात्र दिले आहे. तिला तिथे 'वॉर्म पूल' म्हणतात. शब्दशः पाहू गेले तर कोमट पाण्याचे डबके! मी आपला तिला राखीव फळी म्हणतो.

हे मला माझ्या भाच्याने शिकवले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मी शाळेत मास्तरकी करतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे पुण्याला हिंजवडीत जाऊन हा मुलगा दिवसभर काय करतो, हे कोडे मला बरीच वर्षे उलगडले नव्हते. मे महिन्यात तो आंबे खायला आला असता मी त्याला ओट्यावर गाठले आणि सरळ विचारले. तो म्हणाला, "मामा, मी यंत्रांना झोपवतो आणि वेळ आली की उठवतो."

मी म्हटले, "म्हणजे आमच्याच धंद्यातला की रे! फक्त आम्हांला झोपवण्याचे श्रम घ्यावे लागत नाहीत."

तो हसला, पण पुढचे दोन तास त्याने मला जे सांगितले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

आपण फोनवरून रेल्वेचे तिकीट काढतो, विजेचे बिल भरतो, तेव्हा पलीकडे कुठेतरी एक संगणक आपल्याला उत्तर देत असतो. तो सर्व्हर. पूर्वी ज्याला असा उद्योग करायचा त्याने सर्व्हर विकत घ्यावेत आणि आपल्या खोलीत मांडावेत, अशी रीत होती. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली आपल्याकडचे संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. यंत्र त्यांच्या वाड्यात, वापर आपला. अशा व्यवस्थेला क्लाउड, म्हणजे ढग, म्हणतात; पण हे ढग पक्क्या इमारतींत राहतात आणि भरपूर वीज खातात. २०१६ च्या जूनमध्ये त्यांनी मुंबईलाही आपले ठाणे उघडले. भाड्याचे यंत्र हवे तेव्हा घ्यावे आणि नको तेव्हा सोडावे, हे ठीक. पण रात्री दोन वाजता गर्दी वाढली तर ते घ्यायचे कोणी? म्हणून २००९ साली ऑटो स्केलिंगची सोय निघाली. यंत्रांचा एक गट करायचा आणि त्याला तीन आकडे सांगून ठेवायचे : कमीत कमी इतकी यंत्रे, जास्तीत जास्त इतकी, आणि या घडीला हवीत इतकी. भार ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गट आपण होऊन वाढतो. ओसरला की आटतो.

आता दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. अलीकडे तो दुपारी एक वाजता लागतो. २०२५ साली १३ मे रोजी लागला. पंधरा लाखांवर मुले, प्रत्येकामागे आई, वडील, मामा आणि शेजारचे उत्साही गृहस्थ. सगळ्यांची बोटे एकाच मिनिटाला एकाच जागी! तरी ही गर्दी सभ्य म्हणायची, कारण ती सांगून येते. तिच्यासाठी साडेबारालाच यंत्रे वाढवून ठेवता येतात. पण मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या आणि लाखो माणसांनी एकदम फोन काढले, तर? अशी गर्दी वेळापत्रक पाहून येत नाही.

मी म्हटले, "मग वाढेल की तुमचा गट आपण होऊन."

"वाढेल हो, पण वाढायला वेळ लागतो," तो म्हणाला. नवे यंत्र मागितले की आधी त्याला जागा मिळायची, मग ते सुरू व्हायचे, मग त्यावर कामाचे सगळे सामान चढवायचे, त्याची मोठाली कोष्टके स्मरणात भरायची, ते ठीक उत्तरे देते की नाही हे तपासायचे, आणि मगच त्याला गिऱ्हाईक द्यायचे. काम जड असेल तर यात कित्येक मिनिटे जातात. तेवढ्यात उभी असलेली यंत्रे भाराने वाकतात. पाहुण्यांची पाने मांडून झाली आणि घरातले माणूस गहू घेऊन गिरणीच्या वाटेला लागले, अशी ती अवस्था!

यावर २०२१ च्या एप्रिलमध्ये जो उपाय आला, तो म्हणजे ही राखीव फळी. यंत्र आधीच उभे करायचे, त्याची सगळी तयारी एकदा पुरी करायची, आणि मग ते बाजूला ठेवून द्यायचे. गर्दी वाढली की पहिला हात या फळीवर जातो. फळी संपली, तरच कोऱ्या यंत्रापासून आरंभ.

मला सर्वांत मौज वाटली ती पुढच्या भागाची. हे जे बाजूला ठेवणे आहे, ते तीन प्रकारचे आहे आणि प्रत्येकाचा भाव निराळा आहे. पहिला प्रकार जागत्याचा. यंत्र चालू असते, नुसते कामाला लावलेले नसते. हाक मारताच ते हजर होते. पण त्याचे भाडे पूर्ण द्यावे लागते. दुसरा प्रकार निजलेल्याचा. यंत्र बंद केलेले असते. त्याच्या तबकडीवरचे सामान जसेच्या तसे राहते आणि भाडे पडते ते त्या सामानाच्या जागेपुरते. मात्र त्याच्या चालू स्मरणातले सारे पुसले जाते. शिवाय त्याने सोडलेली जागा मालक दुसऱ्या बिऱ्हाडकरूला देऊ शकतो. जागे होताना त्याला नवी जागा शोधावी लागते, आणि ऐन गर्दीत ती मिळेलच असे वचन कोणी दिलेले नसते. तिसरा प्रकार मधला, तो २०२२ साली आला. निजण्यापूर्वी यंत्र आपले सारे स्मरण तबकडीवर उतरवून ठेवते आणि उठल्यावर तेच वाक्य पुढे चालू करते. याला हायबरनेट करणे म्हणतात. अस्वले हिवाळाभर निजतात, तसे. पण इथेही साठ दिवसांपलीकडे निजवू नये, असा दंडक आहे.

"मग यात कठीण ते काय? तिघांतला एक निवडायचा," मी म्हणालो.

कठीण बरेच होते. यंत्र खरोखर तयार झाले की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर एक आकडा अडकवून ठेवतात आणि 'मी तयार आहे' असा शब्द येईपर्यंत त्याला पुढे जाऊ देत नाहीत. काही न सांगितल्यास हा गट एक तासभर वाट पाहतो आणि तरीही शब्द आला नाही, तर ते यंत्र टाकून देतो. ही खबरदारी घेतली नाही, तर अर्धवट तयारीतच यंत्र निजवले जाते. आणि अर्धवट मळलेल्या कणकेची पोळी कशी होते हे मी आपल्याला सांगायला नको. फळी किती मोठी ठेवावी, हाही प्रश्नच. आपण काही बोललो नाही, तर आजची संख्या आणि जास्तीत जास्त संख्या यांत जेवढे अंतर असेल, तेवढी यंत्रे राखीव ठेवली जातात. छोट्या दुकानाला हा थाट परवडत नाही. पुन्हा, राखीव यंत्रावर महिन्यापूर्वीचे सामान असते. चालत्या कामात सुधारणा झाली की निजलेल्यांनाही ती पोचवावी लागते. नाही तर जागा झालेला गडी जुन्याच हिशेबाने बोलू लागतो. गर्दी ओसरल्यावर कामावरचे यंत्र मोडीत न काढता पुन्हा फळीवर निजवता येते, पण तसे आधी सांगून ठेवावे लागते. आणि ज्यांच्या यंत्राला उठायला फारसा वेळच लागत नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये, हेही भाच्याने प्रामाणिकपणे सांगितले.

आणखी एक प्रकार त्याने सांगितला, तो मला चटका लावून गेला. कामावरचे एखादे यंत्र दुरुस्तीसाठी किंवा तपासणीसाठी पाळीतून बाजूला काढता येते. त्याला 'स्टँडबाय' म्हणतात. ते गटातच राहते, पण त्याच्याकडे गिऱ्हाईक जात नाही. त्याचे भाडे चालू असते, मात्र एरवी प्रत्येकाची जी नियमित प्रकृतिपरीक्षा होते, ती त्याची होत नाही. ज्याने बाजूला काढले त्याने आठवण ठेवून परत आणावे. न आणले तर ते तसेच उभे राहते, कोणी विचारपूस न करता.

हे ऐकताना मला आमच्या शाळेत तासिकेवर येणाऱ्या एक बाई आठवल्या. कायम शिक्षक रजेवर गेले की सकाळी साडेसहाला त्यांना फोन जायचा, आणि साडेसातच्या प्रार्थनेला त्या हजर असायच्या. जितके तास घेतले तितक्यांचे पैसे. दोन वर्षांत त्यांनी एकदाही 'आज जमत नाही' म्हटले नाही. मी एकदा त्यांची वही पाहिली होती. आठवीचे गणित, नववीचे भूमिती, कोणता धडा कोणत्या आठवड्यात कुठवर आला असेल याचा अंदाज त्यांनी स्वतःच आखून ठेवला होता. बोलावणे येवो न येवो, रोज रात्री त्या उद्याची तयारी करत. म्हणजे त्या होत्या जागत्या. त्यांना पैसे मिळत होते निजलेल्याचे. नव्हे, तेवढेही नाहीत. निजलेल्या यंत्राच्या सामानाचे तरी भाडे भरतात!

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये फोन केला, तेव्हा त्या तालुक्याच्या गावी कापडदुकानात हिशेबाला लागल्या होत्या. आठवीचा वर्ग तीन आठवडे गणितावाचून बसला. शिक्षकांच्या खोलीत काहीजण म्हणाले, "अगदी वेळेवर दगा दिला बाईंनी." मला ते शब्द झोंबले. यंत्र विझवले तर साठ दिवस त्याचे वाक्य जिथल्या तिथे थांबते. माणसाचे थांबत नाही. घरभाडे थांबत नाही, म्हाताऱ्या आईचे औषध थांबत नाही, वय तर मुळीच थांबत नाही.

मी भाच्याला विचारले, "आणि तुझे रे? तू कोणत्या प्रकारातला?"

तो म्हणाला, "माझी आठवड्याची पाळी असते. त्या आठवड्यात फोन उशाशी. त्याचा भत्ता वेगळा मिळतो." गेल्या दिवाळीत ती पाळी नेमकी लक्ष्मीपूजनाला आली होती. ताईने पाटावर लाह्या-बत्तासे मांडले, आणि त्याच पाटाच्या कोपऱ्याला याने फोन ठेवला. ताई रागावली. रात्री फोन वाजलाच नाही, तेव्हा ती म्हणाली, "बघ, उगीच जीव टांगणीला लावलास." पण त्याच्या कंपनीला ते उगीच वाटले नव्हते, तिने त्या न वाजलेल्या फोनचेही पैसे दिले. मला त्या व्यवहाराचा आदर वाटतो. यंत्रांच्या जगात ताटकळण्याला भाव आहे, आणि तो आधी सांगितलेला आहे. लवकर हवे तर जास्त मोजा. कमी मोजायचे तर उशीर सोसा. कमी मोजून लवकर मागण्याची सोय तिथे ठेवलेली नाही. ती आपण माणसांपुरती राखून ठेवली आहे.

यंदा जूनमधल्या शाळासमितीच्या सभेत मी एक सूचना मांडली : तासिकेवरच्या शिक्षकाला, बोलावणे आले नाही त्या महिन्यातही, तयार राहण्याबद्दल थोडी ठरावीक रक्कम द्यावी. रक्कम किती, हेही कागदावर मांडून नेले होते. शिपायाने चहा आणला, दोघांनी माना डोलावल्या, आणि विषय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला. कागद मी टेबलाच्या वरच्याच खणात ठेवला आहे. सभेची तारीख कळली की बाईंनाही एक पत्र टाकणार आहे. कापडदुकानात त्यांचे बरे चालले आहे असे ऐकतो, पण विचारायला काय हरकत आहे?