तीर्थनकाठची सांजवेळ

हिमाचलात, कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदीवर ट्राउट धरण्यास आपण गेलात, तर मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा आणि उमेद सांजवेळेसाठी राखावी. पिसांच्या कृत्रिम माशीकडे दिवसभर ढुंकूनही न पाहणारा मासा, ऊन उतरून पाण्यावर किडे भिरभिरू लागले की वर येतो. लोक याला नशीब म्हणतात. माझ्या मते त्या क्षणी आपली नजर गळावर असणे, हेच निम्मे नशीब. पण थकलेले लक्ष एकाच जागी टिकते; गळावर खिळले की पायांवरून सुटते. साठीनंतर डोळे अंधाराला सावकाश सरावतात, आणि बर्फाळ पाण्याखालचे गोटे निसरडे असतात. सोबत्याने तेव्हा हाताशीच उभे राहावे. शेवटची फेक काठावरूनच करावी. सांजेला ट्राउट पुष्कळदा काठालगतच येतो.