नागपूर किती लांब?

बालमित्रांनो, महाराष्ट्राच्या नकाशावर पुणे आणि नागपूर यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. प्रमाणाने मोजलंत तर अंतर भरेल सुमारे ६०० किलोमीटर. विमान जवळपास याच सरळ वाटेनं सुमारे दीड तासात पोचतं. आगगाडी मात्र दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत जवळजवळ ९०० किलोमीटर धावते. रात्र गाडीतच सरते.

मग वाकडच्या मुलांना नागपूरचं आजोळ दीड तासावर? छे! आधी वीसेक किलोमीटरवरचं लोहगाव गाठायचं. रस्त्यात गर्दी लागली की तास सहज जातो. शिवाय तपासणीसाठी दोन तास आधी हजर राहायचं. म्हणजे आकाशापेक्षा जमिनीवरच जास्त वेळ! म्हणून प्रवासाचा हिशोब नेहमी घराच्या उंबरठ्यापासून मांडावा.